झोपायची परवानगी

मित्रांनो, मी एक जुना, करड्या रंगाचा डबा आहे. कोयनानगरच्या घाटात, डोंगराच्या उतारावर एका खांबाला मला बांधलंय. जमीन सरकली की ओळखायचं आणि रेडिओवरून कळवायचं, एवढंच माझं काम. डब्याला कसलं आलंय आयुष्य, असं म्हणून हसू नका.

माझ्या पोटात जमिनीचा कल मोजणारा कलमापक आहे, रेडिओ आहे, आणि दोघांचा एकेक ड्रायव्हर आहे. ड्रायव्हर म्हणजे त्यांना चालवणारा छोटा प्रोग्राम. बॅटरी इवलीशी, म्हणून काम नसलं की झोपायचं. पण मनाला येईल तेव्हा नाही. झोपायचं असो की उठायचं, ड्रायव्हरने आधी आतल्या कारभाऱ्याची, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या प्रोग्रामची, परवानगी मागायची. तो बॅटरी बघून ठरवतो. आणि एकानेही जागं राहायचा हट्ट धरला, तर मला डुलकीसुद्धा मिळत नाही.

चार वर्षं बरी गेली. खालच्या घरातले धोंडिरामकाका येता-जाता माझ्यावरची धूळ पुसायचे. मग यंदा पावसाळा सरता सरता कलमापकाच्या ड्रायव्हरने झोपायचं नाकारलं. डोंगरावर पानही हलत नव्हतं, रेडिओवरून कळवण्याइतका कलही भरत नव्हता, हा मात्र सारखा एकच मागणं मागत होता, "मला जागं ठेवा." खरं सांगतो, मला त्याची भीती वाटू लागली.

बॅटरी उतरायला लागली, तशा दुरुस्ती करणाऱ्या सुमैराताई उंब्रजहून आल्या. "ह्याचा ड्रायव्हर अडकलाय, काका. बंदच करते त्याला," त्या म्हणाल्या.

काकांचा सारा जन्म एसटी चालवण्यात गेलेला. ते म्हणाले, "आवं ताई, घाटात डायवर जागा ऱ्हातोय म्हंजी त्याला कायतरी दिसत असंल. आन् आमच्या घराचं दारबी दोन दिस लागंना झालंय. चौकट तिरकी झालीया."

ताईंचं बोट बटणावरच थांबलं. "काका, काकूंना घ्या आणि आत्ताच्या आत्ता बाहेर पडा!"

बाळाबाईकाकू चुलीवरचा भात तसाच टाकून निघाल्या. तासाभरात, भर उन्हात, अर्धा उतार खाली आला आणि घर दिसेनासं झालं. दोघं वाचली. माझं खूप कौतुक झालं, गळ्यात हारही पडला. दगड लागून माझी बॅटरी भरणारं सोलर पॅनेल मात्र फुटलं होतं. ते बदलायचं राहूनच गेलं.

काका-काकूंनी उताराच्या पलीकडच्या अंगाला पत्र्याची खोली बांधली. आज सकाळपासून कलमापक पुन्हा झोपायला तयार नाही, आणि या वेळी जमीन त्या खोलीकडे झुकते आहे. रेडिओच्या ड्रायव्हरने उठायची परवानगी मागितली. कारभाऱ्याने नाकारली. तेवढी वीजच उरलेली नाही.

खाली काकू चादर वाळत घालतायत, काहीतरी गुणगुणतायत. यंत्रांची निगा राखा, असं मी एरवी सांगितलं असतं. आज एवढंच सांगतो, मित्रांनो: तुमच्यातलं कुणी या रस्त्याने जात असेल, तर त्यांना हाक मारा. मला मारता येत नाही.