बद्रीनाथाचा तोल

सन २०१३ च्या एप्रिल महिन्यात, बीड शहरालगतच्या पाली गावी, बिंदुसरा धरणाच्या कोरड्या पात्राशेजारी, गावच्या सहकारी दूध संस्थेने चालविलेल्या चारा छावणीत ही घटना घडली. दुपारी तहसीलदार तपासणीस यावयाचे होते. छावणीची मान्यता त्यांच्या हाती असल्याने संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव सकाळपासून अस्वस्थ होते.

त्यात बद्रीनाथ झिंगत आला.

बद्रीनाथ हा उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे शेंड्यांच्या हिरव्या पाल्यावर, मळी शिंपडून जनावरांना चारा वाटणारा गडी. मळी म्हणजे साखर कारखान्यातला काळा, दाट पाक. उन्हात तिला आंबूस दर्प सुटतो, आणि हातभट्टीची दारू तिच्यापासूनही निघते. बद्रीनाथाचे कपडे मळीने माखले होते, पाय फाकत होते, जीभ जड झाली होती. दावणीशी येताच तो भडाभडा ओकला. गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्याने, तीही आजच्या दिवशी, प्यावे याचा सुंदररावांना मनस्वी संताप आला. ते स्वतः माळकरी होते.

"माळ काढ, अन् पेंडीच्या खोलीत जाऊन झोप. साहेब गेल्याबिगर तोंड दाखवू नको."

बद्रीनाथाने माळेकडे हात नेला. हात भलतीकडे, खांद्यावर जाऊन आपटला.

"जनावराआधी यानंच मळी चाखली बे," दावणीवरचा भारत हसला.

"अण्णा, मालक पेलेले न्हाईत," बद्रीनाथाची बायको बायनाबाई पुढे झाली. "चारा उतरवताना टरकावरून पडले. डोकं लई ठणकतंय म्हणत होते."

"पेल्याबिगर कोण पडतंय टरकावरून?"

गुरांना लस टोचणारे पशुवैद्य गहिनीनाथ हे ऐकून जवळ आले. त्यांनी बद्रीनाथाच्या डोक्याची मागची बाजू चाचपली. तिथे मोठे टेंगूळ होते. मग आपले बोट पुढे धरून त्याला आधी त्या बोटाला आणि नंतर स्वतःच्या नाकाला हात लावायला सांगितले. नाकाजवळ येता येता त्याचा हात थरथरला आणि गालावर गेला.

"ही तांबडी गाय कुणाची?"

"केशर... बाईची," बद्रीनाथ जडपणे, पण बिनचूक म्हणाला.

"अण्णा, याला बीडला न्या. आत्ता."

"डॉक्टर, तुमी जनावराचे. माणसाचं कावून सांगता?"

"मांडणी तीच आहे. वरचा मोठा मेंदू विचार करतो, आठवण ठेवतो. तो शाबूत आहे, गाय ओळखली यानं. मागे खाली लहान मेंदू असतो, तोल त्याच्याकडे. मार तिथं बसलाय."

"तोल तर दारूनंबी जातो."

"जातो, कारण दारूही लहान मेंदूला बधिर करते. म्हणूनच तुम्ही फसताय. पण दारू कपाळामागच्या भागालाही सोडत नाही, आणि माणसाची भीडभाड तिथं असते. याची गेली का, बघा."

सुंदररावांनी पाहिले. तेवढ्या हालातही बद्रीनाथ अध्यक्षांसमोर घसरलेली टोपी नीट करू पाहत होता आणि ती पुनःपुन्हा कानावर जात होती.

"मग झोपू द्या की. उतरंल," ते म्हणाले, पण आवाजातला जोर ओसरला होता.

"झोपला तर उठणार नाही. आत रक्त साचत असेल, तर ते त्याच्या पुढ्यातल्या मेंदूच्या देठावर रेटा देतं. श्वास त्या देठाच्या ताब्यात आहे."

संस्थेची जीप एकच, आणि ती साहेबांना आणायला निघालेली. दवाखान्यात हा पेलेला निघाला, तर छावणीही जाणार आणि अब्रूही. सुंदरराव घुटमळले. एवढ्यात बद्रीनाथाचे डोळे मिटले. बायनाबाईने हाका मारल्या. तो हूं म्हणाला, मग तेही म्हणेना.

"भारत, जीप इकडं घे."

"अन् साहेब?"

"साहेबाला पाय हायत."

वाटेत बद्रीनाथाचे डोके मांडीवर घेऊन सुंदरराव त्याच्या छातीकडे टक लावून बसले. श्वास थांबे, मग एकदम ओढल्यासारखा येई. दर खंडात त्यांना पेंडीच्या खोलीचे बंद दार दिसे. बायनाबाई त्यांच्याकडे पाहत नव्हती.

शस्त्रक्रिया दिवेलागणीपर्यंत चालली. सर्जन बाहेर आले तेव्हा सुंदरराव उठून उभे राहिले.

"दारूचा थेंबही नव्हता," सर्जन म्हणाले. "लहान मेंदूतलं रक्त काढलंय. माणूस वाचेल. काठी मात्र कायमची लागेल."