स्टेडियमकडे तोंड केलेली खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे. दोन पल्ल्यांची, लाकडी चौकटीची, तिसऱ्या मजल्यावरची. मित्रांनो, खिडकीतून काय दिसतं हे तुम्हाला घर विकणारा कुणीही सांगेल, न विचारता सांगेल. काय ऐकू येतं ते मात्र खिडकीलाच विचारावं लागतं, आणि खिडकीला विचारतो कोण? म्हणून आज मीच तोंड उघडते. तसं सध्या माझं दुसरं काहीच उघडत नाही.

मला घडवलं ते एका तिरसट सुताराने. कुणाशी धड बोलायचा नाही, पण हात असा की माझे पल्ले मिटले की मध्ये कागदसुद्धा जाऊ नये. मला या भिंतीत बसवलं तेव्हा समोर मोकळं माळरान होतं. चार-दोन गाढवं चरायची, पोरं चिंध्यांच्या चेंडूने खेळायची. सुताराने एकदा बाहेर बघितलं आणि म्हणाला, "जन्मभर वारा खाईल ही. नशीबवान आहे." त्याने आयुष्यात कुणाची केलेली ही एवढीच स्तुती. तीही चुकली.

माझं पहिलं घर एका निवृत्त पोस्टमास्तरांचं. त्यांच्या बायकोला सगळी इमारत आजी म्हणायची. आजी रोज सकाळी मला आधी ओल्या फडक्याने आणि मग जुन्या वर्तमानपत्राने पुसायच्या. येणारे-जाणारे म्हणायचे, काच आहे की नाही तेच कळत नाही. एका कबुतरालाही कळलं नाही. ते माझे सुखाचे दिवस. कबुतराचं माहीत नाही.

मग समोर स्टेडियम आलं.

इमारतीतले लोक आधी फार खूष झाले. घरबसल्या फुटबॉल बघायला मिळणार म्हणाले. पण स्टेडियमची आमच्याकडे पाठ होती. माझ्यातून दिसायची ती त्याची उंचच उंच भिंत, भिंतीवर विम्याची जाहिरात, आणि जाहिरातीखाली सामन्याच्या दिवशी रांगेत उभे राहून हलके होणारे पुरुष. सामना दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. आणि तो ऐकू यायला कान असायची गरज नव्हती. गोल झाला की पोस्टमास्तरांची कवळी पेल्यातल्या पेल्यात गोल फिरायची.

पोस्टमास्तरांनी माझ्यावर रजई ठोकली. चारी बाजूंनी, चांगल्या लांब खिळ्यांनी. ज्या चौकटीला सुताराने एक ओरखडा येऊ दिला नव्हता तिची चाळण झाली. आजींचं पुसणंही थांबलं. रजईआडच्या काचेला कोण पुसतंय? वर्षानुवर्षं मी अंधारात उभी राहिले, आणि एक दिवस रजई निघाली, खिळे उपटले गेले, भोकं पुट्टीने बुजवून वरून रंग मारला गेला. घर विकायला काढलं होतं.

घर दाखवायला एक दलाल यायचा. दाराचं कुलूप उघडायच्या आत तो "व्ह्यू बघा, व्ह्यू" म्हणायचा, म्हणून त्याला इमारतीत सगळे व्ह्यूवालाच म्हणायचे. त्याने आणलेलं तिसरं की चौथं कुटुंब म्हणजे ही माणसं. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई.

बायको इस्पितळात नर्स, कायमची रात्रपाळी. सगळे तिला सिस्टर म्हणायचे, सासूसुद्धा. दिवसा झोप मिळाली तर तिची नोकरी, नाहीतर काही खरं नाही. जुन्या जागी खाली भांड्यांचा कारखाना होता, म्हणून तर हे घर शोधत फिरत होते. घर पाहिजे होतं ते सिस्टरच्या झोपेला. बाकीचे दोघे तिच्यासोबत राहणार होते इतकंच.

नवरा कुलपांच्या कारखान्यात तपासनीस. त्याचं काम असं की प्रत्येक पेटीतून एक कुलूप काढायचं, किल्ली फिरवायची, उघडलं की पेटीवर शिक्का. "नमुना पास, पेटी पास," हे तो भाजी घेतानाही म्हणायचा. लग्नाच्या वेळीही म्हणाला असेल. त्याने आल्या आल्या माझ्या चौकटीवरून बोट फिरवलं, पुट्टीचे ठिपके चाचपले आणि बायकोला म्हणाला, "बघ, माणसांनी किती निगुतीने ठेवलंय घर." ठोकलेल्या प्रत्येक खिळ्याच्या कबरीवरून त्याचं बोट फिरलं आणि त्याला त्यात निगुती दिसली. असो.

सिस्टर मात्र स्टेडियमकडे बघत राहिली. "सामन्याच्या दिवशी आवाज येत असेल ना हो?"

"या की सामन्याच्याच दिवशी," व्ह्यूवाला म्हणाला. "खिडकी सताड उघडून बसा. लपवायचंय काय आपल्याला?"

तो फुटबॉलचा दर्दी होता. आपला संघ तेव्हा कसा खेळतोय आणि पुढे कुणाशी गाठ आहे, हे त्याला तोंडपाठ होतं.

तर मित्रांनो, सामन्याच्या दिवशी तिघं आली. तपासनिसाने माझे दोन्ही पल्ले उघडले आणि डोळे मिटून, एक बोट वर करून उभा राहिला. तिकडे पाहुण्यांनी लोक जागेवर बसायच्या आत गोल केला. मग दुसरा. मग आपल्याच गड्याने आपल्याच जाळ्यात तिसरा मारला. स्टेडियम असं गप्प झालं की खालच्या रस्त्यावरच्या सायकलीची चेन ऐकू यावी. अर्धा खेळ व्हायच्या आत माणसं खाली माना घालून घरी निघाली.

"एवढी माणसं आणि एवढी शांतता मी फक्त मयताला बघितलीय," सासूबाई म्हणाल्या.

"नमुना पास," तपासनीस म्हणाला.

"अजून एकदा येऊन बघू या ना," सिस्टर म्हणाली. "एका दिवसाने काय कळतंय?"

"अगं, मी रोज तेच तर करतो. एकावरूनच कळतं."

"तुमचं कुलूप तकलादू निघालं तर चोराला कळतं. तुम्हाला कुठे कळतं?"

सासूबाई हसल्या. तपासनीस हसला नाही. शेवटी सिस्टर दाराशी उभ्या असलेल्या आजींकडे वळली. "आजी, तुम्ही सांगा. दिवसा झोप लागते का इथे?"

आजींनी कोपऱ्यातलं फडकं उचललं. इतक्या वर्षांनी त्या मला पुसायला लागल्या. वरपासून खालपर्यंत, कोपरान्‌कोपरा. काचेवर डाग एकही नव्हता.

"लागते की," आजी काचेला म्हणाल्या. "छान लागते."

घर घेतलं. सामान लागायच्या आतच संघाने एक नवा गडी आणला. आखूड पायांचा, बुटका. लोक त्याला तोफ म्हणायचे. आणि मित्रांनो, आपला संघ जिंकायला लागला. त्या हंगामात पडून मार खाणारा संघ, तो नेमका सिस्टरची उशी माझ्याखाली आल्यावर जिंकायला लागला. ढोल, भोंगे, फटाके, मोटारींचे हॉर्न. दुपारचा सामना संपला की संध्याकाळपर्यंत नुसती मिरवणूक. सामना नसला की सराव, सराव नसला की लाउडस्पीकरची चाचणी. एक माणूस सकाळपासून नुसता हॅलो हॅलो करायचा. त्याला पलीकडून कुणी कधी उत्तर दिलं नाही.

तपासनिसाने माझे पल्ले चिकटपट्टीने बंद केले. फटीत स्पंज कोंबला. अंड्यांच्या ट्रेने आवाज अडतो असं त्याला कारखान्यात कुणी सांगितलं, म्हणून अंडीवाल्याकडून ट्रे आणून खळीने माझ्यावर चिकटवले. आवाज अडला नाही, मुंग्या मात्र आल्या. मग त्याने आईची गादी उचलली आणि ती माझ्यावर उभी ठोकली. पुन्हा खिळे. जुनी भोकं जिथे बुजली होती त्यांच्या शेजारीच.

"गादीला उभं केलंस आणि मला फरशीवर आडवं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या कारखान्यात हेच शिकवतात का रे?"

त्याच दुपारी तोफेने गोल मारला आणि गादी खिळ्यांसकट सुटून झोपलेल्या सिस्टरवर पडली. गादीखालून तिचा झोपेतलाच आवाज आला, "डॉक्टरांना बोलवा, पेशंट खाली पडलाय. त्याच्या नातेवाइकांना आधी बाहेर काढा." सासूबाई हसून हसून दाराबाहेर जाऊन बसल्या. म्हणजे नातेवाईक खरंच बाहेर निघाले. सिस्टर गादीखालून बाहेर आली तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. तिचे डोळे बघवत नव्हते.

तेव्हापासून या घरात सगळ्यांना एकच आस. आपला संघ हरावा. सासूबाईंनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता, पण आता त्यांना प्रत्येक गड्याचा गुडघा माहीत असायचा. "त्या तोफेचा घोटा सुजलाय म्हणे," त्या समाधानाने सांगायच्या. "डावीकडच्याचं बायकोशी जमत नाही. बघू, काही होतं का त्यातून." जिन्यात उभं राहून त्या पोरांना इतक्या बारकाईने विचारायच्या की इमारतीतल्या चाहत्यांचा गैरसमज झाला. त्यांनी घरी येऊन सासूबाईंना आदराने एक मोठा भोंगा भेट दिला. वाजवूनही दाखवला. आत सिस्टर नुकतीच डुलकी लागून पडली होती.

आता गंमत पुरे. एक दिवस सिस्टर वॉर्डात रुग्णाचं बँडेज बांधता बांधता उभ्या उभ्या झोपली. त्या म्हाताऱ्या रुग्णाने स्वतःच्या अंगावरचं पांघरूण काढून तिच्या खांद्यावर घातलं आणि मुख्य नर्सला खुणेने सांगितलं, आवाज करू नका. मुख्य नर्सने आवाज केला. पुन्हा असं झालं तर वॉर्डातून काढीन म्हणाली. हे सिस्टरने घरी येऊन माझ्याजवळ उभं राहून सांगितलं.

"घर विकू या," तपासनीस म्हणाला.

"घेणार कोण?"

"आपण घेतलं तसं कुणीतरी घेईल."

सिस्टर म्हणाली, "त्या आजींना विचारलं तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. काच पुसत होत्या."

गादी उतरली. अंड्यांचे ट्रे खरवडून काढले. खिळे उपटले, पुट्टी भरली, रंग मारला. पल्ले मात्र खळीने आणि रंगाने असे धरले की पुन्हा उघडेचनात. व्ह्यूवाला आला आणि म्हणाला, "असू द्या. बंदच बरी. व्ह्यू काचेतूनही दिसतो." तोफेचा घोटा खरोखरच सुजला होता. व्ह्यूवाल्याने सामना निवडला.

आलेलं जोडपं तरुण होतं. बाईच्या खांद्यावर बाळ. बाळ आवाजाला दचकतं, एकदा दचकलं की निळं पडेस्तोवर रडतं, डॉक्टरांनी शांत जागा बघायला सांगितलंय, असं ती आल्या आल्या बोलली. तिकडे स्टेडियममध्ये पाहुण्यांनी दुसरा गोल मारला. लोक बाहेर पडायला लागले. शांत, फार शांत.

बाळाच्या बापाने माझ्या चौकटीवरून बोट फिरवलं. पुट्टीवर येऊन थांबला. "किती छान ठेवलंय हो घर तुम्ही," तो म्हणाला. तपासनीस आपल्या बुटांकडे बघत राहिला.

बाईने मात्र सिस्टरलाच गाठलं. "तुम्ही नर्स आहात ना? मग तुम्हीच सांगा मला. दिवसा झोप लागते का इथे?"

सिस्टरचा हात माझ्या कडीवर होता. तिने बाळाकडे बघितलं. नवऱ्याकडे बघितलं. सासूबाईंकडे बघितलं, आणि ज्या बाई बोलायच्या कधी थांबल्या नव्हत्या त्यांनी मान फिरवली. मी माझ्या परीने प्रयत्न केला, मित्रांनो. पल्ले थोडे जरी हलले असते तरी खाली कुणी हॉर्न वाजवला असता, कुणी शिवी दिली असती, बाळ दचकलं असतं. पण मला चिकटवलं होतं.

सिस्टरने कोपऱ्यातलं फडकं उचललं.

"लागते," ती मला पुसत म्हणाली. "छान लागते."

ती माणसं गेल्यावर सिस्टर माझ्याखाली आडवी झाली आणि गाढ झोपली. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. तपासनिसाने तिला कामाला जायला उठवलं तेव्हा ती म्हणाली, "आणखी थोडं झोपू दे ना." त्याने झोपू दिलं.

घर त्या जोडप्याने घेतलं. सिस्टर आणि तिची माणसं आता दुसरीकडे राहतात. सासूबाई गादी घेऊन गेल्या, भोंगा मात्र माळ्यावर ठेवून गेल्या. तोफेचा घोटा बरा झालाय. काल बाळाच्या बापाने हातोडी आणली, आणि आज तो माझ्यासमोर उभा राहून कुठे ठोकावं याचा अंदाज घेतोय. आतल्या खोलीत बाळ रडतंय. माझ्या चौकटीत आता लाकूड कमी आणि पुट्टी जास्त आहे. एक दिवस खिळा धरणारच नाही.

मित्रांनो, खिडकीची निगा राखा. बिजागऱ्यांना तेल घाला, खिळे ठोकू नका, काच रोजच्या रोज पुसा. आणि कधी घर बघायला गेलात आणि तुम्ही काही विचारल्यावर घरातलं माणूस फडकं उचलून स्वच्छ काच पुसायला लागलं, तर तिथून बाळ उचला आणि निघा. काच मला विचारून पुसत नाहीत, नाहीतर खरं काय ते मीच सांगितलं असतं.