छत्रीच्या आठ काड्या

"ओढून बघितलं का?" अप्पांनी विचारलं.

"म्हणजे काय! मी काय वेडी आहे?" शिक्षकांच्या खोलीच्या बंद दारासमोर उभ्या असलेल्या बाई भडकल्या. "अर्धा तास झाला, चावी फिरतच नाहीये. सुट्टी संपत आली आणि मुलांचे पेपर आत आहेत."

"रागावू नका. मी सगळ्यांनाच विचारतो." अप्पांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली, दाराची मूठ धरली, दार जरासं वर उचललं आणि हिसका दिला. दार उघडलं. लाकूड फुगून चौकटीत बसलं होतं, एवढंच. कुलूप लागलेलंच नव्हतं.

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण अप्पा हसले नाहीत. चाळीस वर्षं कुलपं उघडून त्यांना एक पक्कं कळलं होतं, की दाराशी अडकलेल्या माणसाला हसायचं नसतं. "होतं असं," म्हणाले आणि काही न घेता जिना उतरले. नुसतं ओढण्याचे पैसे ते घेत नसत.

तसंही त्यांचं लक्ष धंद्यात नव्हतं. गुरुवार होता. रविवारी मुलगी येणार होती, त्यांना कायमचं आपल्या घरी न्यायला. खोली रिकामी करायची होती. भांडी वाटून झाली, पलंग शेजाऱ्यांनी नेला. त्या पलंगाखालची पत्र्याची पेटी तेवढी राहिली होती. बायकोची. तिला जाऊन अकरा महिने झाले होते आणि पेटीला कुलूप तसंच होतं.

"कापून टाका ना बाबा," मुलगी फोनवर म्हणाली होती. "नाहीतर तशीच आणू. इथे कुणाकडून तरी कापून घेऊ."

"कुणाकडून तरी?" अप्पांचा आवाज चढला. "माझ्या घरातलं कुलूप दुसरा कापणार? मग मी जन्मभर काय गवत उपटत होतो?"

"मग उघडा की तुम्हीच. तुम्हाला काय अवघड आहे?"

अवघड होतं. कारण ते कुलूप अप्पांनी स्वतःच बनवलं होतं, आणि अप्पांना उघडता येऊ नये म्हणूनच बनवलं होतं.

शाळेतून ते तडक भंगारवाल्याकडे गेले. तो जुना दोस्त.

"या, दरोडेखोर!" तो लांबूनच ओरडला. "आज कुणाच्या घरावर नजर?"

"माझ्याच."

"घ्या! म्हातारपणी पळवत नाही, म्हणून आता घरातच सुरू."

अप्पा लोखंडाच्या ढिगाशी उकिडवे बसले. दुकानातली तयार हत्यारं त्यांनी आयुष्यात घेतली नाहीत. रस्ते झाडणाऱ्या गाडीच्या ब्रशातून तुटून पडलेल्या पोलादी पट्ट्या, मोटारीच्या वायपरमधली पाती, सायकलचे आरे, असल्या मालातून त्यांचे कुलपं उघडायचे आकडे तयार व्हायचे. तुकडा आधी वाकवून बघायचा. वाकला तसाच राहिला तर कुचकामी. कटकन मोडला तर माजोरी. वाकून परत सरळ झाला तर आपला. त्या दिवशी मात्र काही मनाजोगतं हाताला लागेना.

"अहो, हवंय तरी काय?" भंगारवाल्याने विचारलं.

"बारीक हवं. पण दमदार."

"मग छत्रीची काडी बघा की."

अप्पांचा हात थांबला. छत्री घरात होती. दाराच्या मागे, खिळ्याला लटकलेली. तिची.

"मिळालं," म्हणत ते उठले.

"काय मिळालं? रिकाम्या हाताने तर चाललात!"

"तुझ्याकडून कधी भरल्या हाताने गेलोय?" असं म्हणून अप्पा निघाले, पण रोजच्यासारखे हसले नाहीत. ते भंगारवाल्याच्याही लक्षात आलं.

गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. घरी बायकोच्या दोघी बहिणी आल्या होत्या, त्यांचे नवरे आले होते. जेवणं झाली, गप्पा रंगल्या. धाकट्या साडूने डिवचलं, "बाहेरची कुलपं सोडा हो, घरातलं एखादं उघडून दाखवा." झालं! अप्पांना चेव आला. त्यांनी बायकोच्या अंबाड्यातला आकडा उपसला आणि बघता बघता तिच्या पेटीचं कुलूप उघडलं. टाळ्या पडल्या. ती "नको, अहो, नको ना" म्हणत होती, पण टाळ्यांत तिचं कोण ऐकतंय? पेटीत एक वही होती. साडूने ती उघडली, नाटकातल्यासारखा हात पुढे केला आणि वाचलं,

"बादली भरता भरता तिच्यात आभाळ उतरलं,
उचलू गेले तर फार जड झालं."

"अहो साडूभाऊ, उठा, उठा!" तो ओरडला. "ताईंना आभाळ जड झालंय, जरा हात लावा!"

घर हसून हसून लोळलं. सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल? अप्पा. बायको असलं काही लिहिते याची लाज वाटली म्हणून हसले, की आपल्याच करामतीच्या धुंदीत हसले, ते त्यांना पुढे कधीही सांगता आलं नाही.

ती रडली नाही, भांडली नाही. पाहुणे गेल्यावर तिने वही पेटीत ठेवली आणि म्हणाली, "मला एक कुलूप करून द्या. तुम्हालाही उघडता येणार नाही असं."

अप्पा आठ दिवस खपले. आतल्या पट्ट्यांना खोट्या खाचा पाडल्या, म्हणजे आकडा घातला की तो भलतीकडेच अडकावा. कडी इतकी घट्ट बसवली की वारासुद्धा शिरू नये. चावी एकच केली आणि दुसरी करणार नाही असा शब्द दिला. तेलकट कागदात गुंडाळून, वर दोरा बांधून ती तिच्या हातावर ठेवली. "आता हे कुणाच्या बापाला उघडायचं नाही," ते ऐटीत म्हणाले. ती नुसतं "बरं" म्हणाली.

आणि अप्पांनी शब्द पाळला. तीस वर्षं त्या पेटीला बोट लावलं नाही. केर काढताना सरकवायची झाली तरी तिला हाक मारत. त्याचा त्यांना केवढा अभिमान होता! ती गेल्यावर त्यांनी चावी शोधली. डबे पालथे घातले, उशा चाचपल्या, साड्यांच्या घड्या मोडल्या. चावी नाही. मग मनात एकच विचार घर करून बसला. तीस वर्षांत बाईने काय काय लिहिलं असेल? आपण दिवसभर लोकांची दारं उघडत फिरायचो, ही घरात एकटी. रागाने लिहिलं असेल. शिव्या घातल्या असतील. घालू दे. निदान तिचा आवाज तरी पुन्हा ऐकू येईल. या खोलीत अकरा महिन्यांत कुणी आपल्याला धड रागावलंसुद्धा नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी छत्री खाली काढली. कापड सोडवलं, नीट घडी करून बाजूला ठेवलं. एक काडी शेगडीत लाल केली, ठोकून चपटी केली, कानस मारून टोकाला बारीक नाक काढलं, पुन्हा तापवून तेलात बुडवली. पहिली मोडली. दुसरीचं नाक तिरकं झालं. तिसरी मनासारखी उतरली, ती कुलपात गेली आणि आतच वाकली. छत्रीला आठ काड्या असतात. शनिवारी दिवेलागणीपर्यंत सात संपल्या.

पट्ट्या उचलल्या जात नव्हत्या असं नाही. एक, दोन, तीन, सगळ्या उचलल्या जात होत्या, बोटांना साफ कळत होतं. पण कडीला धरून ठेवणारा आतला अडसर काही केल्या सरकत नव्हता. "खोटी खाच," अप्पा पुटपुटायचे. "मीच पाडली ना, गाढवाने!" आपल्याच हुशारीला त्यांनी एवढ्या शिव्या कधी घातल्या नव्हत्या. आणि खोटं कशाला सांगायचं, जरा कौतुकही वाटत होतं.

रविवारी सकाळी मुलगी आली तेव्हा बाप फरशीवर पेटी पुढ्यात घेऊन बसला होता.

"बाबा, काही खाल्लंत का?"

"थांब. शेवटची काडी आहे."

"गाडीवाला खाली खोळंबलाय."

"खोळंबू दे."

ती शेजारी बसली. अप्पांनी श्वास रोखून काडी आत सरकवली, पट्ट्या उचलल्या, अडसरावर जोर दिला. काडी मोडली. तुकडा टणकन फरशीवर पडला. अप्पा हातातल्या उरलेल्या तुकड्याकडे बघत राहिले.

"हरलो," ते म्हणाले.

"जाऊ द्या हो. नेऊ तशीच." मुलीने पेटी आपल्याकडे घ्यायला हात घातला. मुठी हाताशी येईनात, म्हणून तिने कुलपालाच धरून पेटी ओढली.

खट् झालं. कुलूप तिच्या हातात आलं.

तिने ते उलटसुलट करून बघितलं.

"हे तर लागलेलंच नव्हतं," मुलगी म्हणाली. मग दबकत, हसू दाबत, "बाबा, ओढून बघितलं होतं का?"

अप्पांनी मान हलवली. नव्हतं बघितलं. अडसर सरकणार कुठून, तो आधीपासून मागेच होता. चावी फिरवल्याशिवाय न लागणारं ते कुलूप. तिने नुसती कडी दाबून ठेवली होती. आणि कडी बसली होती घट्ट, वारासुद्धा शिरू नये अशी. अप्पांचंच काम ते.

पेटीत एक शाल होती, तिच्यावर वही, आणि वहीवर तेलकट कागदाची पुडी. दोऱ्याची गाठ अप्पांनी मारलेली, तशीच. चावी पुडीतून कधी बाहेरच निघाली नव्हती.

अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे तिचा आपल्यावर भरवसा होता! कुलूप लावायची तिला गरजच वाटली नाही. "वाच," ते म्हणाले. "तू वाच, मला दिसत नाहीये."

मुलीने पानं उलटली. "या कविता आईच्या? मला कधी बोलली नाही! दहाबारा आहेत. शेवटची ही, बादलीची."

"त्याच्या पुढचं वाच."

"पुढे काही नाही बाबा."

"नीट बघ. तीस वर्षांचं असेल."

तिने एकेक पान उलटून दाखवलं. सगळी पानं कोरी होती, पार शेवटपर्यंत.

मग अप्पांना कळलं. भरवसा कसला? लपवायला काही उरलंच नव्हतं. त्या दुपारी सगळे हसले आणि त्यानंतर तिने एक ओळ लिहिली नाही. कुलूप मागितलं खरं, पण ते लावायची वेळच तिच्यावर आली नाही. आणि आपण मात्र तीस वर्षं पेटीला हात लावला नाही म्हणून छाती काढून हिंडलो. एकदा, एकदा तरी विचारायचं होतं, "काय गं, हल्ली काय लिहितेस?"

"बादलीची वाच," ते म्हणाले. "हळू वाच."

मुलीने वाचली. दोनच ओळी. खोलीत कुणी हसलं नाही.

"किती छान आहे," ती म्हणाली.

"छान आहे," अप्पा म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

मुलगी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. खाली गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मग त्यांनी तोंड धुतलं, वही आणि पुडी जागच्या जागी ठेवली, छत्रीचं कापड घडी करून वर ठेवलं आणि झाकण लावलं. कुलूप लावलं नाही.

"मी घेते पेटी," मुलगी म्हणाली. "हलकीच आहे."

"थांब," अप्पा म्हणाले. "मी हात लावतो."

पेटी खरंच हलकी होती. तरी एक मूठ तिने धरली, एक त्यांनी, आणि दोघं एकेक पायरी जपून उतरू लागले.