कुणी न थांबवलेलं नाटक

त्या रविवारी नवघरच्या पटांगणात दोन नाटकं झाली. पहिलं पाण्याचं. टँकर येतो, आधी सोसायटीच्या चेअरमनची पिंपं भरतात, आणि रांगेतली बाई रिकामी कळशी घेऊन घरी परतते. गोष्ट एवढीच. पण सात वर्षांत हे नाटक एकदाही शेवटापर्यंत पोचलं नव्हतं. कळशी रिकामी दिसली की प्रेक्षकांतून कुणीतरी थाळी वाजवायचंच.

थाळीचा नियम हरिश्चंद्र सामंतांनी पहिल्या दिवसापासून ठेवला होता. पोस्टातून निवृत्त झाल्यावर मुंबईत एका शिबिराला गेले असताना त्यांनी ही रीत पाहिली होती. प्रेक्षकांनी नुसतं बघायचं नाही. जिथे अन्याय होतोय असं वाटेल तिथे नाटक थांबवायचं, उठून यायचं, ज्याच्यावर अन्याय होतोय त्याच्या जागी उभं राहायचं आणि आपण असतो तर काय बोललो असतो ते बोलून दाखवायचं. अन्याय करणाऱ्याची जागा मात्र घ्यायची नाही. "तो सुधारला असं दाखवायला काय जातंय?" हरिभाऊ म्हणायचे. "तो नाही सुधारला तर तुम्ही काय करणार, ते दाखवा."

थांबवायला शिबिरात टाळी वाजवायचे. इथे हरिभाऊंनी बायकोची स्टीलची थाळी आणि लाटणं आणलं. उर्मिलाबाईंनी ती थाळी महागाईविरुद्धच्या मोर्चात गिरगावभर वाजवली होती. तिच्या मधोमध पडलेला खळगा तेव्हाचा. उर्मिलाबाई गेल्या, थाळी राहिली. नाटक सुरू झालं की ती प्रेक्षकांत हातोहात फिरायची.

त्या दिवशीही पाण्याच्या नाटकात ती तीनदा वाजली. एका म्हातारीने तर कळशी चेअरमनच्या दारात आडवी टाकली आणि त्यावर फतकल मारून बसली. चेअरमन झालेले हरिभाऊ तिला ओलांडायला गेले, तशी म्हणाली, "ओलांड, ओलांड! तुझ्या आईच्या वयाची आहे मी." पटांगण हसून लोटपोट झालं.

मग दुसरं नाटक. दहा मिनिटांचं. एक मुलगी सुपात तांदूळ निवडत बसली आहे. आतून आजारी आईच्या खोकल्याचा आवाज. बाप हातात पत्र घेऊन येतो. परगावी नोकरी लागल्याचं पत्र. उभ्या उभ्याच विचारतो, "जायचंय का तुला?" मुलगी वर न बघता म्हणते, "नको." बाप दारात उभ्या असलेल्या शेजारणीला सांगतो, "विचारलंय मी तिला. तिलाच जायचं नाहीये." मुलगी तांदूळ निवडत राहते. संपलं.

थाळी सुचेताच्या हातात आली. हरिभाऊंची ही एकुलती एक मुलगी, वय सदतीस, शाळेत ग्रंथपाल. प्रत्येक प्रयोगाला ती प्रेक्षकांत पुढेच बसायची, मांडीवर वही. कुणी थाळी वाजवली, येऊन काय बोललं, ते टिपून ठेवणं तिचं काम. तिने थाळी शेजारच्या बाईकडे दिली. त्या बाईने पुढे. थाळी पूर्ण फेरी मारून आली, वाजली नाही.

"यात थांबवायचं काय?" मागून एकजण म्हणाली. "बिचारा विचारतोय की! असा बाप मला मिळाला असता तर हीच थाळी घेऊन मी आरती केली असती."

पुन्हा हशा. बाप झालेले हरिभाऊही हसले. हसता हसता त्यांची नजर सुचेताच्या वहीवरून गेली. तिने लिहिलं, 'प्रयोग अकरावा. कुणी थांबवलं नाही.'

संध्याकाळी घरी चहा घेताना हरिभाऊंनी विचारलं, "आज काय लिहिलंस?"

"पाण्याला तीन. त्या आजींचं सगळं लिहिलंय."

"आणि दुसऱ्याला?"

"कुणी थांबवलं नाही."

"हं."

ते कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. त्यांना ही सवयच होती. पोस्टात चौतीस वर्षं उभं राहून पत्रं वेगळी केलेली. घरातलं बोलणंही ते उभ्यानेच उरकायचे.

"काही चुकतंय का गं त्यात?"

"नाटक चांगलं आहे. पण बापाचा कुणाला राग येत नाही."

"राग यावा असं कुठे म्हणतोय मी?"

सुचेताने कणीक मळता मळता पाण्याचा हात घेतला. "काढून टाका ते, बाबा. अकरा वेळा झालं."

हरिभाऊंनी कपात उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "मुर्धा गावच्या बायकांना शब्द दिलाय दोन्ही नाटकांचा. मुर्ध्याला करू, मग बघू." कप विसळून त्यांनी पालथा ठेवला. "उद्या येताना सेल आण गं टेपरेकॉर्डरला. खोकल्याचा आवाज ताणला जातोय. तुझी आई असं खोकायची नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या नीलमताईंचा शाळेत फोन आला. सुचेता घरी पोचली तेव्हा हरिभाऊ गॅलरीतल्या खुर्चीत बसलेले होते. चष्मा डोळ्यांवर, पेपर मांडीवर. डॉक्टर येऊन गेले होते. सेल तिच्या पर्समध्ये तसेच राहिले.

*

लोक येत होते. पोस्टातले, गिरगावच्या जुन्या चाळीतले, आणि नाटकामुळे जोडले गेलेले कितीतरी. राईचे, वरसाव्याचे, रेल्वेपलीकडचे. प्रत्येकाजवळ हरिभाऊंची एक आठवण होती. सुचेता ऐकून घ्यायची, चहा करायची. तिने आयुष्यभर पुष्कळ वाचलं होतं. वडील गेलेल्या मुली तिला पानोपानी भेटल्या होत्या. पण आता त्यांतली एकही उपयोगाला आली नाही. तिला रडू आलं नाही. मनात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

ते दुसरं नाटक तिचं होतं. सत्याऐंशी साली नागपूरच्या एका मोठ्या ग्रंथालयातून तिला पत्र आलं होतं. जुनी हस्तलिखितं, पोथ्या, त्यांची सूची करायचं काम. कॉलेजात असल्यापासून तिला हेच करायचं होतं. चारच महिन्यांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. बाबा पत्र घेऊन आले, दुसऱ्या हातात आईची औषधाची बाटली, आणि उभ्या उभ्या म्हणाले, "जायचंय का तुला?" ती तांदूळ निवडत होती. "नको," म्हणाली. बाबांनी तिथेच बाटली हलवली, चमच्यात औषध ओतलं आणि आत गेले. मग चौकशीला आलेल्या मामांना दारात सांगितलं, "विचारलंय मी तिला. तिलाच जायचं नाहीये."

पुढे चार वर्षांनी आई गेली. पत्राचा विषय पुन्हा निघाला नाही. आणि दोन वर्षांपूर्वी एक दिवस तालमीला बसलेली असताना सुचेताने तेच वाक्य, त्याच आवाजात, बाबांच्या तोंडून ऐकलं. संपदा सूप घेऊन बसली होती. संपदा म्हणजे पलीकडच्या बिल्डिंगमधली, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला असलेली मुलगी. तिला वाटत होतं गोष्ट काकांनी कल्पनेने रचली आहे. सुचेताची कानशिलं तापली. आपलं आयुष्य उचलून चारचौघांत मांडलं, आणि तेही बाप किती भला ते दाखवायला, असं तिला वाटलं. ती मात्र वहीत लिहीत राहिली.

*

जानेवारीच्या शेवटी नाटकातली मंडळी सामंतांच्या घरी जमली. पाच-सहाच जण. बँकेत असलेला नीरज हरिभाऊंच्या भूमिका करायला तयार झाला होता. "चेअरमन जमेल मला," तो म्हणाला. "पण तो बाप... काका तो करायचे तसा नाही जमणार. शिवाय ते नाटक कुणी थांबवत नाही. मुर्ध्याला एकच करूया का?"

"बोर होतात लोक," संपदाही म्हणाली. "मी नुसते तांदूळ चिवडत बसते. सुचेताताई, तुम्हीच सांगा."

सुचेताने स्वतःचा आवाज ऐकला. "मुर्ध्याला करू, मग बघू."

सगळे गेल्यावर व्हायोलेट मागे रेंगाळली. ती उत्तनची, नवघरच्या बाजारात मासे विकायला बसायची. चार वर्षांपूर्वी पाण्याचं नाटक चालू असताना ती टोपली खाली ठेवून आत घुसली होती. तेव्हापासून मंडळीत होती. शेजारणीचं काम तीच करायची, आणि प्रेक्षकांत थाळी सोडणंही तिच्याकडेच होतं.

"बाय, एक इचारू?" ती चपला शोधता शोधता म्हणाली. "मुर्ध्याला थाली कुठशी सोडू? तुज्याशीच ना?"

"माझ्याशी म्हणजे?"

"म्हंजे काय? काकांनी मना सांगलेलं. पाण्याच्या नाटकाला थाली कुठशी बी सोड. पन या नाटकाला पयली सुचेताच्या हातान दे. दर टायमाला आठवन करायचं, मी काय इसरते?" तिने सुचेताकडे पाहिलं. "तुला ठाव न्हाय?"

"नाही."

"मना वाटलं, वही तुज्याकडं हाय म्हनून." व्हायोलेटने दुसरी चप्पल पायात सरकवली. "मी इचारलं बी होतं त्यांना, काका, ती लिवणारी बाय, ती कशी वाजवंल? तर हसलं. म्हनलं, आपन देत राहायची."

ती गेल्यावर सुचेताने वही काढली. अकरा प्रयोग. अकरा वेळा थाळी आधी तिच्या हातात आली होती आणि अकराही वेळा तिने ती, प्रेक्षकांची आहे म्हणून, शेजारच्या बाईला दिली होती. तिच्याच अक्षरात अकरा ओळी होत्या. कुणी थांबवलं नाही, कुणी थांबवलं नाही.

घरात दोघंच माणसं. मध्ये चहाचा कप. आणि हा माणूस, ज्याला खुर्ची ओढून समोर बसता आलं नाही, तो गावोगाव सतरंज्या अंथरत फिरला.

*

मुर्ध्याचा प्रयोग फेब्रुवारीतल्या एका रविवारी, ऊन उतरल्यावर झाला. देवळापुढच्या मोकळ्या जागेत. खाडीकडे मिठाचे दोन-चार ढीग अजून दिसत होते. त्यांच्या अलीकडे एका नव्या इमारतीचा सांगाडा उभा राहत होता. साठ-सत्तर बायका, कडेने पुरुष. पाण्याचं नाटक रंगलं. टँकर म्हणताच हसू आणि शिव्या एकदमच उठल्या. थाळी चारदा वाजली. सुचेता लिहीत होती.

मग संपदा सूप घेऊन बसली. टेपवर खोकला सुरू झाला. नवे सेल होते, आवाज ताणला जात नव्हता. व्हायोलेट प्रेक्षकांतून वाट काढत आली आणि थाळी-लाटणं सुचेताच्या मांडीवर, वहीवरच ठेवून गेली.

नीरज आत आला. पत्र पुढे धरून, थोडं घाईने म्हणाला, "जायचंय का तुला?"

"नको," संपदा म्हणाली.

शेजारची बाई थाळीसाठी हात पुढे करून बसली होती. सुचेताचा अंगठा थाळीच्या खळग्यात होता. तिला वाटलं, आता दिली की झालं. हे नाटक पुन्हा होणार नाही.

नीरज दाराकडे वळला. "विचारलंय मी तिला," व्हायोलेटला म्हणाला. "तिलाच जायचं—"

थाळी वाजली. आवाज सुचेताला वाटला होता त्याहून खूपच मोठा आला. नीरज दचकून थांबला. संपदाने वळून पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप कललं, थोडे तांदूळ सांडले.

"अगो, लिवणारीच उठली!" कुणीतरी म्हणालं.

सुचेताने वही सतरंजीवर ठेवली. ती संपदाजवळ गेली. संपदाने उठून जागा दिली, सूप तिच्याकडे दिलं. सुचेता बसली. सांडलेले तांदूळ गोळा करून तिने परत सुपात टाकले. नियमाप्रमाणे नीरजला आता बाप म्हणूनच बोलायचं होतं. तो चाचरत म्हणाला, "काय गं? आता काय? तू तर नको म्हणालीस."

"बाबा," सुचेता म्हणाली. तिने समोरच्या जागेकडे बोट केलं. "बाबा, ते पत्र खाली ठेवा. इथे बसा."

नीरजने व्हायोलेटकडे पाहिलं. व्हायोलेटने मान हलवली. तो आला, गुडघे दुमडून तिच्यासमोर जमिनीवर बसला. पत्र दोघांच्या मध्ये ठेवलं.

"आता परत विचारा."

टेपवरचा खोकला कुणीतरी बंद केला. नीरजचा चेहरा विशीतल्या पोरासारखा घाबरलेला दिसत होता, पण त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं आणि ह्या वेळी घाई केली नाही.

"जायचंय का तुला?"

सुचेताने सूप बाजूला केलं. तिचे हात रिकामे झाले. ते कुठे ठेवावेत हे न कळून तिने ते मांडीवर ठेवले.

"जायचं होतं," ती म्हणाली. "मला जायचं होतं, बाबा. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."