अर्ध्या बंदुकीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी फौजी रायफल आहे आणि जन्मभर थापा मारत आलेली आहे. एका गोळीत मी दोन वाघ पाडले आणि तिसरा नुसत्या आवाजाने शाकाहारी झाला, असं मी भिंतीवरच्या पालींना सांगत असे. पाली माना डोलवीत. आज थापेला वेळ नाही. उद्या दुपारी करवतीने माझे तुकडे होणार आहेत, म्हणून घाईघाईने खरं तेवढं सांगते.

कारखान्यात माझ्या मानेवर ७१४२ हा आकडा ठोकला आणि त्याच हातोडीने तोच आकडा माझ्या बोल्टवर ठोकला. बोल्ट म्हणजे माझ्या पाठीत मागेपुढे सरकणारी मुठीची लोखंडी कांडी. ती पुढे सारून खाली दाबली की गोळी नळीत बसते. ती नसली की मी नुसता नळ, तोही पाणी न येणारा.

पलटणीत बावीस वर्षं काढून मी रीतसर परवान्यावर नागपूरजवळच्या बेस्याला, महादेवरावांच्या घरी आले. महादेवराव मला स्वतःच्या हाताने तेल देत. लोक लांबून मला बघायला येत. माझ्या नावाने रानडुकरं शेत बदलत (ही थाप नाही, असलीच तर लहान आहे).

एकोणीसशे एकोणसाठ साली महादेवराव गेले आणि दोन मुलांच्या वाटण्या झाल्या. बैल वाटले, पितळ वाटलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागल्या. उरले मी.

"बंदूक थोरल्याची," थोरला रुपराव म्हणाला.

"काहून गा? बाप काय तुया एकट्याचा होता?" धाकटा शालिकराम उसळला.

धोंडबा पंचाला सकाळपासून जेवण मिळालं नव्हतं. तो म्हणाला, "भांडता काहून गा? एकाले नळी, एकाले बोल्ट. झालं निम्मं निम्मं. चला, पानं वाढा!"

आणि मित्रांनो, सगळे खरंच जेवायला बसले.

नळी बेस्याला राहिली. बोल्ट शालिकरामबरोबर कळमन्याला गेला. मधे अख्खं नागपूर. भावाभावांचं बोलणं त्याच दिवशी तुटलं. खंडेनवमीला इकडे माझी पूजा होई, तिकडे बोल्टची. उरलेलं वर्ष रुपरावची बायको भागीरथा माझ्यावर ओली लुगडी वाळत घाली. एकोणीस वर्षं मी तोंड उघडं ठेवून, पाठ मोकळी ठेवून त्या भिंतीवर टांगलेली होते.

यंदा रुपरावच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि परवाना संपला. कचेरीचा कागद आला. शनिवारपर्यंत मला कुणा परवानेवाल्याला द्यायचं, नाहीतर जमा करायचं. जमा झालेलं मोडीत निघतं, आणि मोडीत निघालेलं करवतीखाली जातं.

मग नागपुरातल्या सदर भागातून ओमप्रकाश आला. जुनी हत्यारं पारखणं हा त्याचा धंदा. एका हौशी माणसाला माझ्यासारख्या बंदुका हव्या होत्या, काचेच्या कपाटात ठेवायला. ओमप्रकाशने नळीच्या एका टोकाला पांढरा कागद धरून दुसऱ्या टोकातून पाहिलं. लाकडावर टिचकी मारली. मानेवरचा आकडा भिंगातून वाचला.

"नळी साफ, लाकूड असली. मस्त चीज हाय, दादाजी! पण बोल्ट कुठी हाय? त्याच्यावर हाच नंबर असला तं उद्याच घेऊन जातो. नाही तं मंग करवत."

"त्याच्या दाराशी मी जाणार नाही," रुपराव म्हणाला.

"नका जाऊ! नाक सांभाळत बसा घरी. मी जातो," भागीरथा म्हणाली आणि चपला घालून निघाली.

शुक्रवारी दुपारी ओमप्रकाश येऊन बसला होता, तेवढ्यात ती शालिकरामला घेऊनच आली. त्याच्या हातात लाल फडक्यात माझा बोल्ट होता.

"वहिनी, त्याले म्हणा, आणला."

"भागीरथे, त्याले म्हण, दे."

"दोघायच्या मधात मी काय पोस्टमन हाओ?" भागीरथा करवादली.

बोल्ट पाठीत सरकला. कुठे अडला नाही, कुरकुरला नाही. जसा माझा होता तसाच होता. ओमप्रकाशने भिंग लावलं आणि बोल्टची मूठ उलटसुलट फिरवली. आकड्याच्या जागी लोखंड गुळगुळीत होतं. त्यावर खिळ्याने कोरलं होतं, 'शा'.

"नंबर कुठी गेला?"

शालिकरामने मान खाली घातली. "कानशीनं घासला म्या. दादा कधी मांगाले आला, नंबर दाखवून 'माया हाय' म्हणाला तं? म्हणून घासला."

"घासलेला नंबर म्हंजे लोक चोरीचा माल समजतात, भाऊ. कोणीच नाही घेणार." ओमप्रकाशने भिंग खिशात घातलं.

माझाच आहे हो तो, माझाच! मी जिवाच्या आकांताने ओरडले. वाघ शाकाहारी केला तेव्हा पालींनी विश्वास ठेवला. एवढं एक खरं बोलले, तर ऐकायला कोणी नाही.

रुपराव बोलला, या खेपेला थेट भावाशी. "मांगाले आलो असतो तं देला असता काय गा?"

"लगेच देला असता, दादा. तू आलाच नाही."

आता दोघे ओसरीवर जमा करण्याचा अर्ज भरत बसले आहेत. रुपरावला दिसत नाही, म्हणून शालिकराम लिहितो आहे.

"दादा, नग किती लिहू? नळी एक, बोल्ट एक. दोन?"

"एकच लिही."

मित्रांनो, शेत वाटा, पितळ वाटा, विहिरीच्या पाळ्या लावा. पण तोडल्यावर जी जगत नाही ती वस्तू वाटू नका. आणि रागाच्या भरात वाटलीच, तर चपला घाला आणि मागायला जा. अजून कानस लागली नसेल, तोवर जा.