तिघांतल्या दोघांना विचारून

अरफा तांबोळीला कंपनीत चौदा महिने झाले होते, तेव्हा ज्योत्स्नामॅडमनी तिच्यावर पहिलं मोठं काम सोपवलं. कंपनी मॅडमचीच, तळेगावच्या एमआयडीसीतली, चाळीस माणसांची. गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये त्यांनी सेन्सर बसवले होते. आत किती गरम आहे, हवा किती दमट आहे, पानं किती वेळ ओली राहिली, याच्या नोंदी रात्रभर येत राहायच्या. पहाटे पाचपर्यंतच्या नोंदींवरून गणित व्हायचं आणि साडेपाचच्या आत प्रत्येक बागायतदाराच्या मोबाइलवर मेसेज जायचा: पडदे कधी उघडायचे, डावणी या बुरशीरोगाचा धोका आहे की नाही, फवारणी करा की थांबा.

साठ पॉलिहाऊस होती तोवर सगळं नीट चाललं. ती नऊशे झाली आणि जुनी व्यवस्था धापा टाकू लागली. म्हणून नोंदी आता सहा सर्व्हरवर वाटून ठेवल्या होत्या. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती, तीन वेगळ्या सर्व्हरवर. एखादा बंद पडला तरी नोंद हरवायला नको. गणित करणारं इंजिन मात्र वेगळं होतं. साठवणीतून नोंदी उचलून इंजिनाकडे नेणारा कनेक्टर हवा होता. चालतील असे दोन सापडले होते. त्यातला कुठला घ्यायचा, ते अरफाने ठरवायचं.

"मी?" अरफाने विचारलं.

"तूच. महिनाभर घे. पण जो निवडशील तो का निवडलास, ते मला समजेल असं सांगता आलं पाहिजे."

सत्यम तिचा वरिष्ठ. पुण्यातल्या मोठ्या कंपनीत दहा वर्षं काढून आलेला, कामात पक्का आणि घाईचा. त्याने पहिल्याच आठवड्यात दोन्ही कनेक्टर चालवून बघितले. पहिल्याला अकरा मिनिटं लागली, दुसऱ्याला अडतीस.

"पाचला नोंदी बंद, साडेपाचला मेसेज. अडतीस मिनिटांचा आपल्याला उपयोग काय?" तो म्हणाला. "यात ठरवण्यासारखं काही नाही, अरफा. पहिला घे आणि मोकळी हो."

तिलाही तसंच वाटलं. तिने अहवाल लिहायलाही घेतला. पण तिला एक सवय होती: इकडून किती नोंदी निघाल्या आणि तिकडे किती पोचल्या, हे ती दर वेळी ताडून बघायची. बुधवारी ताडून बघितलं तर पहिल्या कनेक्टरच्या नोंदी कमी भरल्या. चूक दाखवणारी एक ओळ नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'काम पूर्ण'.

तिने दिवसभर शोधलं. त्या दिवशी पहाटे तीन ते पाच एका सर्व्हरची वीज गेली होती. पाचला तो परत चालू झाला, पण त्या दोन तासांच्या नोंदी त्याच्याकडे नव्हत्या. त्या भरून निघायला आणखी काही तास लागणार होते. पहिला कनेक्टर वेगवान होता, कारण तो तीन प्रतींपैकी एकाच प्रतीला विचारायचा. जी प्रत समोर आली ती खरी. दीडशे पॉलिहाऊसच्या बाबतीत नेमका तो मागे पडलेला सर्व्हरच समोर आला होता. दुसरा कनेक्टर तिघांतल्या दोघांना विचारायचा आणि ज्याच्याकडे ताजी नोंद असेल त्याचं धरायचा. म्हणून तो हळू होता, आणि म्हणून त्याच्या नोंदी पुऱ्या भरल्या होत्या.

हे सगळं चाचणीत घडलं, हे नशीब. बागायतदारांना अजून जुन्याच व्यवस्थेचे मेसेज जात होते. अरफाने पहिल्या कनेक्टरच्या निर्मात्यांना पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं: दोन प्रतींना विचारायची सोय सध्या नाही.

सत्यमने सगळं ऐकून घेतलं. "असं वर्षातून कितीदा होणार? आणि रात्रीतले दोनच तास गेले. त्याने असं काय बिघडतं?"

हे बागायतदारालाच विचारायचं, असं अरफाने ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिने स्कूटर काढली आणि ती परंदवडीला गेली. चाचणीत ज्यांच्या नोंदी कमी भरल्या होत्या, त्या दीडशेत तिथल्या हौशीराम आबांचं पॉलिहाऊस होतं. आबा लाल डच गुलाबाच्या ओळीत उभे राहून कात्रीने फांद्या छाटत होते.

"आबा, रात्रीच्या दोन तासांची नोंद हुकली, तर बिघडतं का?"

"कंचे दोन तास?"

"तीन ते पाच."

"आगं, त्येच तर तास! पानं वली व्हत्यात ती तवाच. डावणी तितंच धरती."

"आणि आमचा मेसेज आलाच नाही तर?"

"न्हाई आला तर मी सोता आत यिऊन पानं उलटी करून बघतो. त्येचं काय न्हाई." आबांनी कात्री खाली ठेवली. "पर 'धोका न्हाई' आसा मेसेज आला, तर कशापायी बघू? तुमच्यावर भरवसा हाय म्हून तर बघत न्हाई. आन् डावणी घुसली, तर पंदरा दिसांत समदा प्लॉट पानं टाकतो."

अरफा ऑफिसला परतली आणि लिहिलेला अहवाल तिने पुसून टाकला. आता प्रश्न एवढाच उरला होता, की अडतीस मिनिटांचं काय करायचं.

पुढचे तीन आठवडे ती त्याच एका आकड्याच्या मागे होती. तिला दिसलं, की दुसरा कनेक्टर एका रात्रीच्या नोंदींसाठी प्रत्येक पॉलिहाऊसच्या वर्षभराच्या नोंदी ओढून आणतोय आणि मग नको त्या फेकून देतोय. दोष कनेक्टरचा नव्हताच. नोंदी नुसत्या पॉलिहाऊसप्रमाणे लावलेल्या होत्या. तिने त्या पॉलिहाऊस आणि तारीख अशा दोन्हींप्रमाणे लावून घेतल्या, म्हणजे सर्व्हरनेच तेवढी एक रात्र काढून द्यायची. अडतीसची चोवीस मिनिटं झाली. मग एका दुपारी सत्यम आपणहून खुर्ची ओढून शेजारी बसला. एका वेळी केवढा तुकडा उचलायचा, ते दोघांनी मिळून बदलून बदलून बघितलं. एकोणीस मिनिटं.

"भारी केलंस," सत्यम म्हणाला. तो असं कधी म्हणत नसे. "पण पहिला तरीही आठ मिनिटं पुढे आहे, हे मॅडमना मी सांगणार."

"सांगा ना. मीही काही दाखवणार आहे."

निवडीच्या दिवशी अकरा वाजता तिने मॅडमना चाचणीच्या सर्व्हरपाशी नेलं. "मॅडम, यातला कुठलाही एक तुम्हीच बंद करा." मॅडमनी चौथा बंद केला. अरफाने आदल्या रात्रीच्या तीन ते पाचच्या नोंदी चाचणीसाठी पुन्हा सोडल्या होत्या, त्या येत राहिल्या. एक वाजता तो परत चालू केला आणि लगेच दोन्ही कनेक्टर सोडले.

पहिल्याचं काम अकरा मिनिटांत पूर्ण झालं. दुसऱ्याला वीस लागली. अरफाने दोन्हींचे मेसेज शेजारी शेजारी लावले. एकशे अठ्ठेचाळीस ठिकाणी फरक होता. डावीकडे 'धोका नाही', उजवीकडे 'आज फवारणी करा'.

मॅडम बराच वेळ वाचत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच हात पुढे करून दोन सर्व्हर बंद केले. "आता?"

या वेळी दुसरा कनेक्टर मधेच थांबला. पडद्यावर लाल ओळ आली: काही नोंदींच्या दोन प्रती मिळत नाहीत.

"हा अडला की," सत्यम म्हणाला.

"अडायलाच पाहिजे." अरफाचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. "अडला तर आपल्याला कळतं. त्या बागांना 'आज स्वतः पाहा' एवढा मेसेज तरी पाठवता येतो. पहिला अडत नाही, तो अर्धवट सांगतो आणि पुरं सांगितलं म्हणतो."

सत्यमने ती लाल ओळ पुन्हा एकदा वाचली. "मॅडम, माझं मत बदललंय," तो म्हणाला. "हाच घेऊ."

जानेवारीच्या शेवटी, फेब्रुवारीच्या मोठ्या मागणीसाठी कळ्या धरल्या होत्या त्या आठवड्यात, खरोखरच एक सर्व्हर पहाटे बसला आणि तासाभराने उठला. अरफाला ते सकाळी नऊला, ऑफिसात आल्यावर समजलं. नऊशेच्या नऊशे मेसेज पाच वाजून एकवीस मिनिटांनी गेले होते. तिने एकेक ताडून बघितला. सगळे बरोबर होते. मॅडमनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं, काय झालं ते सांगितलं आणि म्हणाल्या, "ही निवड अरफाची होती." टाळ्या सत्यमने सुरू केल्या.

संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानात तिचे वडील, कादर तांबोळी, जळालेल्या मोटरमध्ये नवी तार भरत बसले होते. अरफा स्टुलावर टेकली.

"आज एक सर्व्हर पडला, अब्बा."

त्यांनी तारेवरून नजर उचलली. "मग?"

"मग काही नाही. कुणाला पत्तासुद्धा लागला नाही."

कादर तिच्याकडे बघत राहिले. कुणाला पत्ता लागला नाही हेच तिचं यश, हे हळूहळू त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तार खाली ठेवून चहा सांगितला, तोही मोठ्या कपातला. नंतरचे दोन दिवस दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, की आपल्या मुलीने एका पहाटे नऊशे बागा वाचवल्या. खरं म्हणजे नऊशे नव्हत्या, दीडशेच्या आसपास असतील. अरफाने ऐकलं, आणि दुरुस्त केलं नाही.