काळ्या पातेल्याचा मान

मित्रांनो, मी एक जुनी सूर्यचूल आहे. म्हणायची चूल, उभ्या आयुष्यात एकदाही पेटलेली नाही. तरी माझ्या पोटात शिजलेला भात आजवर कधी करपला नाही. बढाई मारत नाही, खरं तेच सांगते.

एका सुताराने मला घडवलं. लाकडी पेटी, आत काळा पत्रा, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा. एका गवंड्याने मला घरी नेलं. त्याची बायको कपडे शिवायची. चुलीच्या धुराने तिचे डोळे सारखे चुरचुरत. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "धूर थांबवा, नाहीतर शिवणकाम बंद करावं लागेल." आणि शिवणकामात तर तिचा जीव होता!

गवंड्याने निम्म्या लाकडांत भागणारी, कमी धुराची नवी चूल बांधली आणि मला गच्चीवर ठेवलं. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. दुपारी झाकण उघडलं, तर तांदूळ कच्चे! दुसऱ्या दिवशीही तेच. सासूबाई म्हणाल्या, "कपडे ठेवायला बरी आहे हो ही पेटी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरी गोम वेगळीच होती. सासूबाई पातेली तोंड दिसेपर्यंत घासत. त्या चकचकाटावरून ऊन परत फिरे. तिसऱ्या दिवशी त्या लेकीकडे गेल्या. घाईत सुनेने जुन्या चुलीवरचं, बाहेरून काळंकुट्ट झालेलं पातेलं तसंच माझ्यात ठेवलं. दुपारी झाकण काढताच वाफेचा लोट आला. भात कसा मऊ, मोकळा!

परतल्यावर सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, म्हणजे मीच घासून घासून घोटाळा केला!" तेव्हापासून माझं पातेलं फक्त आतून घासतात, आणि गल्लीभर माझं कौतुकही त्याच करतात.

दुपारचा स्वयंपाक माझा; सकाळ, रात्र आणि ढगाळ दिवस नव्या चुलीचे. आम्ही दोघी जावाजावा, पण कधी तंटा नाही. वर्षभराने डॉक्टरीणबाई सुनेचे डोळे तपासून म्हणाल्या, "शिवा खुशाल!" घरी येताच तिने पहिल्याच खेपेला सुईत दोरा ओवला. गच्चीवर मशीनचा आवाज आला आणि माझा आनंद गगनात मावेना. आज गल्लीत माझ्यासारख्या अकराजणी आहेत.

मित्रांनो, माझी काच रोज पुसा, मला उन्हाकडे वळवत राहा आणि सारखं झाकण उघडून डोकावू नका. एवढं करा आणि आईला सांगा, "तू तुझं काम कर, स्वयंपाक उन्हात शिजतोय."